मार्गशीर्षात अडकलेले तेरा कोंबडे

निफाडकडे डिसेंबरात पारा एक आकडी झाला की आम्हा पशुसख्यांना, म्हणजे गावात जनावरांचे प्राथमिक उपचार करणाऱ्या बायांना, फोन येतात ते दोनच कारणांनी. कोंबड्यांनी अंडी कमी केली, नाहीतर कोंबडे एकमेकांना फाडायला लागले. त्या दिवशी सकाळी सातला कोंबड्या पाळणाऱ्या एका मावशींकडून दुसऱ्या कारणाचा फोन आला. "ताई, एक मेला. म्हाताऱ्या कोंबड्यानंच मारला."

खुराडं 8 बाय 6 फुटांचं. आत 12 कोंबड्या, दोन वर्षांचा एक जुना कोंबडा आणि सहा महिन्यांचे 13 तरणे गावरान नर. मार्गशीर्षात गिऱ्हाईक आटतं, म्हणून मावशींनी नर पौषापर्यंत थांबवले होते. दहा माद्यांमागे एक नर पुरतो. इथे माद्यांपेक्षा नर जास्त.

मेलेला आधी हातात घेऊन पाहिला. पायाच्या काट्याची जखम छातीवर किंवा मांडीवर, बारीक पण खोल भोक पडल्यासारखी असते. याचा तुरा आणि डोक्यामागची कातडी सोलून निघाली होती, म्हणजे काम चोचीचं. म्हातारा निर्दोष. मग एकेक तरणा उचलून चोच पाहिली. एका तांबड्याच्या चोचीवर आणि मानेच्या पिसांवर रक्त वाळलेलं होतं.

पण एवढी जागा तर महिनाभर कमीच होती, मारामारी आताच का पेटली? वर पाहिलं तर 100 वॅटचा पिवळा बल्ब. थंडी वाढली तशी आठ रात्री तो सलग चालू होता. अंधार पडला की कोंबडा दांडीवर जाऊन गप्प बसतो आणि दुबळ्याला तेवढीच उसंत मिळते. इथे ती रात्रीही नव्हती. त्यात रक्ताचा लाल ठिपका उजेडात दिसला की बाकीचेही तिथेच टोचतात. पिसं पुरी आलेल्या पक्ष्याला बल्बची ऊब लागतच नाही. त्याला कोरडी गादी हवी आणि अंगावर वारा नको. गारठ्याला भिऊन मावशींनी चारही बाजू प्लास्टिकनं बांधल्या होत्या. आत अमोनियानं डोळे चुरचुरत होते, तूस भिजून गोळा झालं होतं. प्लास्टिक उत्तरेला ठेवलं, बाकीच्या बाजूंना गोणपाट लावलं आणि छताखाली वीतभर फट मोकळी सोडली. ओलं तूस काढून कोरडं चार बोटं पसरलं.

मग वाटणी. म्हातारा माद्यांजवळ ठेवला, फक्त काट्यांची टोकं कानशीनं बोथट केली. काट्याच्या आत जिवंत हाड असतं. टोकाच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे गेलं की रक्त येतं. तांबडा एकटा डालग्याखाली. मार खाल्लेला उचलून वेगळा ठेवतात, ही नेहमीची चूक. तो परत आला की परका ठरतो. उचलायचा तो मारणारा. दोघे मात्र फारच जखमी होते, त्यांना हळद आणि कडुनिंबाचं तेल लावून जाळीपलीकडे, पण इतरांना दिसतील असे ठेवले. उरलेले 9 गोठ्याच्या 10 बाय 6 फुटांच्या कोपऱ्यात नेले.

इथे माझं चुकलं. गोठ्यातून जाळीतून कोंबड्या दिसत होत्या. दुपारपर्यंत नऊही जण जाळीशी येरझारा घालत एकमेकांवर उडत होते. तीन फूट उंच गोणपाट बांधलं, अर्ध्या तासात निवले.

दाण्याची दोन भांडी समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवली, पाण्याचीही दोन, म्हणजे एकाला राखण करता येत नाही. दांड्या सगळ्या एकाच उंचीवर, दर पक्ष्यामागे 10 इंच; वरखाली असल्या की वरच्या दांडीसाठी रोज भांडण. खाद्य नुसता मका होता. त्यात प्रथिनं 9 टक्क्यांच्या आसपास, आणि ती कमी पडली की पिसं उपटणं वाढतं. 10 किलोला मक्याचा भरडा 6 किलो, शेंगदाणा पेंड अडीच, गव्हाचा कोंडा 1.3, क्षार मिश्रण 200 ग्रॅम आणि वरून मीठ 30 ग्रॅम असं करायला सांगितलं. पेंड बुरशीचा वास येणारी असेल तर फेकायचीच.

पाचव्या रात्री, अंधारात, तांबडा नऊ जणांच्या दांडीवर नेऊन बसवला. सकाळी दाण्यापाशी गेला तर दोघांनी त्याला हाकललं. तो दुसऱ्या भांड्यावर गेला आणि तिथेच खात राहिला. अमावास्येनंतर व्यापारी आला तेव्हा मावशींनी आधी त्याचेच पाय बांधले.