एक मत वाया घालवायचं राहिलं: १८०० ची अमेरिकन निवडणूक

अमेरिकेच्या मूळ संविधानात पक्ष गृहीतच धरलेले नव्हते. प्रत्येक निर्वाचकाने (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीने) दोन मतं द्यायची, दोन्ही राष्ट्राध्यक्षपदासाठीच. बहुमतासह पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. १७९६ मध्येच याचा फटका बसला: फेडरलिस्ट अ‍ॅडम्स ७१ मतांनी अध्यक्ष, आणि विरोधी पक्षाचे जेफरसन ६८ मतांनी त्यांचे उपाध्यक्ष!

१८०० पर्यंत पक्षशिस्त पक्की झाली आणि नवाच घोळ झाला: सगळ्यांनी दोन्ही मतं आपल्याच पक्षाच्या दोन उमेदवारांना दिली, तर त्या दोघांची बरोबरी होणार. खरं तर उपाय सोपा होता. एका निर्वाचकाने दुसरं मत तिसऱ्याच कुणाला द्यायचं. फेडरलिस्टांनी ते केलं. ऱ्होड आयलंडमधलं एक मत जॉन जे यांना गेलं, म्हणून अ‍ॅडम्स ६५, त्यांचे सहकारी पिंकनी ६४. रिपब्लिकनांकडून (म्हणजे जेफरसन यांच्या पक्षाकडून; आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे) ते राहिलं. जेफरसन ७३, त्यांचेच सहकारी बर यांनाही ७३.

बरोबरी झाल्याने निवड प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, १६ पैकी ९ हवीत. जेफरसन ८, फेडरलिस्टांच्या पाठिंब्यावर बर ६. मेरीलँड आणि व्हरमाँटचे सदस्य समसमान फुटलेले, म्हणून त्यांची मतं बाद. ३५ फेऱ्या हाच आकडा! डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट बेयर्ड, बर यांच्या पाठिंब्यापासून मागे हटले, इतर काही फेडरलिस्टांनीही हात आखडता घेतला आणि १७ फेब्रुवारी १८०१ ला ३६व्या फेरीत जेफरसन १० राज्यांनी जिंकले.

१८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली. माझ्या मते पक्षांना संविधानात खरी जागा मिळाली ती इथे, त्यांचं नावही न घेता.