३०० रनमध्ये एकदाच फेल होणारी टेस्ट

आमची सी भाषेतली एक टेस्ट सुमारे ३०० रनमध्ये एकदा फेल व्हायची. पुन्हा चालवली की पास. असा बिघाड हाती आला की आधी त्याचा दर मोजावा. ३०० त एक असा दर असेल, तर सलग ९०० रन बिनचूक गेल्यावर साधारण ९५ टक्के खात्री येते. मी ३० रनवर समाधान मानून दोनदा फसलो.

बेरीज करणाऱ्या संशयित फंक्शनमध्ये प्रिंट टाकला की बिघाड गायब. मेमरीतल्या चुका पकडणारं साधन, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, गप्प. रेस कंडिशन (दोन थ्रेड एकाच डेटावर एकाच वेळी आदळणं) म्हणावी, तर फंक्शन फक्त लोकल व्हेरिएबल वापरत होतं. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) बंद केलं, तर बिघाड उलट वाढला!

धागा मिळाला तो चुकीच्या उत्तरातच. टेस्टमधल्या उत्तर तपासणाऱ्या ओळीत (असर्ट) ते हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात, छापलं, तर १२ अंकी आणि ५५ ने सुरू होणारं. लिनक्सवर प्रोग्रॅमच्या कोडचे पत्ते असेच दिसतात. म्हणजे माझ्या बेरजेवर कुणीतरी रिटर्न अ‍ॅड्रेस (कोडमध्ये परत जायचा पत्ता) लिहीत होतं.

६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर लिनक्सच्या एबीआयनुसार (कंपाइल केलेल्या कोडने पाळायचे नियम) स्टॅक पॉइंटरखालचे, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीच्या टोकाखालचे, १२८ बाइट हा रेड झोन. दुसऱ्या कुणाला कॉल न करणारं फंक्शन तिथे पॉइंटर न हलवताच आपली व्हेरिएबल ठेवतं. प्रिंट टाकला की कॉल आला, पॉइंटर हलला आणि व्हेरिएबल सुरक्षित. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळीच व्हेरिएबल रजिस्टरऐवजी (प्रोसेसरमधल्या जागांऐवजी) स्टॅकवर, म्हणून मार जास्त.

आमचं कोरूटीन रनटाइम, म्हणजे अनेक कामं आलटून पालटून चालवणारा कोड, टायमर सिग्नलने चालू कोड मध्येच थांबवायचं. त्यासाठी सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, सिग्नल हँडलर, थांबलेल्या फंक्शनच्या स्टॅकवर रिटर्न अ‍ॅड्रेस ठेवायचं, तोही रेड झोन मोकळा न सोडता, थेट त्यावरच. इंटेल-एएमडी मशिनच्या विंडोजवर आणि लिनक्सच्या ६४ बिट एआरएम मशिनवर रेड झोनच नाही, तिथे टेस्ट कधी पडली नव्हती.

खात्रीसाठी दोन उलटसुलट प्रयोग केले. टायमर १० मिलिसेकंदांवरून १ वर आणला, बिघाडाचा दर चढला. मग तोच टायमर ठेवून रेड झोन बंद करणारा कंपायलर पर्याय दिला, तेव्हा हजारो रनमध्ये एकही फेल नाही.

दुरुस्ती छोटी: पत्ता ठेवण्याआधी पॉइंटर १२८ ने खाली न्यायचा आणि परतताना तेवढाच वर आणायचा. परतीच्या वाटेवर साधी बेरीज मात्र चालत नाही, तिच्यामुळे फ्लॅग (प्रोसेसरने मागच्या गणिताची ठेवलेली नोंद) बदलतात. परतताना १२८ बाइट सोडणारी रिटर्न सूचना वापरावी.