मांगरातलं वायफाय आणि कावळ्यांचं इंटरनेट

गेल्या मार्चमध्ये पंधरा दिवस गावी राहून एकच काम केलं, आंब्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, नेट पोचवलं. लिहायचं लिहायचं म्हणत वर्ष गेलं. आता परत सीझन आलाय आणि दोन मित्रांनी फोन करून हेच विचारलं की बाहेर लावायचा एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय फेकणारा डबा) कुठला घेऊ, तर म्हणलं एकदाच लिहून टाकावं. कुठला घेऊ हा प्रश्न त्यातल्या त्यात बिनमहत्त्वाचा आहे हे आधीच सांगतो. त्या डब्यात माझा जेमतेम अर्धा दिवस गेला, बाकीचे साडेचौदा दिवस केबल, शिडी आणि काकांशी वाद.

गाव राजापूर तालुक्यात, वाडी खोलगटात. मोबाइलला रेंज हवी तर देवळापाशी चढावर जायचं. फायबर मात्र घरापर्यंत आलंय, राउटर ओटीवर आहे आणि ओटीवर नेट झकास चालतं. पण घर चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फूट, त्यामुळे पडवी ओलांडून खळ्यात आलात की दोन दांड्या, आणि खाली बागेच्या तोंडाशी मांगर आहे तिथे शून्य. आणि सीझनमध्ये माणसं असतात कुठे, तर मांगरात. पेट्या तिथे भरल्या जातात, गिऱ्हाइकाला फोटो तिथून जातात, पैसे आल्याचा मेसेज तिथे यायला हवा. शिवाय आमच्याकडे राखणीला चार नेपाळी गडी असतात, ते रात्री घरच्यांशी बोलायला बॅटरी घेऊन देवळापर्यंत चढायचे, हे बघून मलाच कसंतरी व्हायचं.

आधीचे प्रयोग लपवत नाही. एक वर्ष भिंतीत खोचायचा रिपीटर लावला. तो तोच सिग्नल ऐकतो आणि त्याच चॅनेलवर परत बोलतो, म्हणजे अर्धा वेळ ऐकण्यात जातो, स्पीड निम्म्यावर. दुसऱ्या वर्षी चुलतभावाने जुना राउटर आइस्क्रीमच्या डब्यात घालून वाशाला टांगला. चालला की, एप्रिलपर्यंत चालला. मग डबा उघडला तर आत लाल मुंग्यांची वसाहत, अंड्यांसकट, आणि राउटर हाताला चटका बसेल इतका तापलेला. म्हणून यावेळी नीट बाहेरचाच एपी घेतला, ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही), आयपी६५ वाला. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसेल, पाण्यात बुडवून चालणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो आडवा पडतो, त्यामुळे आयपी६५ असला तरी पागोळीच्या आत लावा, उगाच कंपनीची परीक्षा कशाला बघायची.

आता जागा. माझं डोकं असं चाललं की जितकं उंच तितकं लांब जाणार. घराच्या कोन्यावर, जमिनीपासून वीसेक फुटांवर पाइप उभा केला, एपी बांधला, खाली उतरलो आणि फोनवर सिग्नल बघत बागेत गेलो. घरापासून तीस पावलांवर उणे ७८ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ च्या आसपास तरी लागतं, ऐंशीला टेकलं की विषय संपला. काका गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "अरे, तू कावळ्यांना इंटरनेट देतोयस काय?"

राग आला पण माणूस बरोबर होता. आमची कलमं जुनी, खालच्या फांद्या छाटलेल्या, त्यामुळे माणसाच्या उंचीला खोडाखोडांमधून बागेच्या पार टोकापर्यंत दिसतं आणि दहा फुटांच्या वर सगळा पाला. पाला म्हणजे पाणी, आणि पाण्याला हे सिग्नल प्यायची भारी आवड, ५ गिगाहर्ट्झ तर विचारूच नका. मी डबा नेऊन नेमका पाल्याच्या उंचीला बांधला होता.

दुसरी गोष्ट माझ्या अँटेनाची. उभ्या काठीसारखी अँटेना सगळीकडे सारखं फेकत नाही, तिचा आकार मेदूवड्यासारखा असतो, अँटेना म्हणजे भोकातली काठी. जास्त गेनची (लांब फेकणारी) घेतलीत की वडा दाबून भाकरी होते, लांबवर जातो पण चपटा, त्यामुळे वीस फुटांवर लावलात तर बरोबर खाली उभ्या माणसाच्या डोक्यावरून जातो. बरेच लोक अँटेना तिरकी करतात, एक इकडे एक तिकडे, शिंगांसारखी. जमिनीवर सगळीकडे पोचवायचं असेल तर सरळ उभी ठेवा.

मग एपी घरावरून काढला आणि सरळ मांगराच्याच बागेकडच्या बाजूला, पत्र्याच्या पागोळीखाली, दहाएक फुटांवर लावला. पत्र्याला चिकटवून नाही हां, एक फूट खाली आणि एक फूट भिंतीपासून पुढे, लोखंडी अँगलवर, कारण पत्रा म्हणजे आरसा, जवळ असला की अँटेनाचा सगळा आकार बिघडवतो. तिथून पहिल्याच फेरीत बागेच्या निम्म्यापर्यंत उणे ६०-६५.

म्हणजे आता घरापासून मांगरापर्यंत केबल टाकायची. सरळ अंतर पन्नास मीटर, गडग्याच्या कडेने फिरवून सत्तर. केबलला शंभर मीटरची मर्यादा असते, त्यामुळे तिकडे चिंता नव्हती. चिंता कातळाची. आमच्याकडे चर खणायचा तर सुरुंगच लावावा लागेल, म्हणून जमिनीत पुरायचा विचार सोडला आणि बागेत पाण्यासाठी वापरतात तो काळा पाइप घेतला, गडग्याच्या दगडांत खोचत नेला आणि त्यातून केबल ओढली. लोंबकळती केबल टाकूच नका. आमच्याकडे वानरं आहेत, त्यांना ती आपल्यासाठीच टाकलीय असं वाटतं. नुसती उघडीही टाकू नका, घरातली राखाडी केबल उन्हात वर्ष-दोन वर्षांत तडकते, बाहेरच्यासाठी काळ्या जाड आवरणाची वेगळी मिळते.

आणि इथे मी खरा आपटलो. राजापूरला केबल घ्यायला गेलो, दुकानदार म्हणाला एकदम प्युअर आहे, स्वस्त वाटली, घेतली. दोन्ही टोकांना जॅक मारले, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्हीकडे सारखेच. घरात इंजेक्टर (नेटच्या केबलमधूनच एपीला वीज देणारा डबा) लावला, तिकडे एपीचा दिवा लागला, टाळ्या. दिवसभर उत्तम. संध्याकाळी सात वाजता चार गडी, दोन भावंडं आणि आत्या असे सगळे एकदम व्हिडिओवर गेले आणि एपी बंद, परत चालू, परत बंद. रात्री बारानंतर आपोआप शहाणा. तीन दिवस मी सेटिंग बदलत होतो, फर्मवेअर चढवलं, रिसेट केला, देवाला नारळ तेवढा ठेवायचा राहिला.

चौथ्या दिवशी उरलेल्या तुकड्यावर ब्लेड फिरवलं. वरून तांब्याचा रंग, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. डेटाला चालून जातं, पण याच तारांतून एपीला वीज जाते. हिशेब असा, माझ्या एपीबरोबर आलेला इंजेक्टर २४ व्होल्टचा पॅसिव्ह, एपी जोरात चालला की दहा-अकरा वॅट खातो, म्हणजे साधारण अर्धा अँपिअर. तांब्याच्या २४ गेजच्या तारेचा रोध किलोमीटरला ८४ ओहमच्या आसपास, मुलाम्याच्या तारेचा त्याच्या दीडपटीच्या वर. सत्तर मीटर जायचं, सत्तर मीटर यायचं, प्रत्येक बाजूला दोन-दोन तारा, तर पाचेक व्होल्ट वाटेतच खलास. निवांत असताना एपी कमी खातो म्हणून तगतो, गर्दी झाली की जास्त ओढतो, जास्त ओढलं की व्होल्टेज अजून पडतं, आणि मग मान टाकतो. सेटिंगमध्ये काय सापडणार होतं, कप्पाळ.

उपाय दोन केले. रत्नागिरीहून खऱ्या तांब्याची केबल आणली, यावेळी दुकानातच ब्लेड मागितलं, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं पण माल चोख निघाला. आणि पॅसिव्हऐवजी ८०२.३एएफ इंजेक्टर घेतला, म्हणजे ४८ व्होल्टवाला. व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा, वाटेतली घट निम्मी, आणि ती दुप्पट व्होल्टेजमधून वजा होते, म्हणजे टक्क्यांत पाव. माझ्या एपीला दोन्ही चालत होतं, तुमच्याला चालतं का ते आधी बघा. शिवाय हा इंजेक्टर समोर खरंच पीओईवालं (म्हणजे नेटच्या केबलमधून वीज घेणारं) यंत्र आहे का ते तपासून मगच वीज सोडतो. पॅसिव्ह आंधळा, टोकाला काहीही लावा, ढकलतोच, त्यामुळे तपासायला म्हणून त्या केबलला लॅपटॉप जोडू नका.

पीओईचा खरा फायदा मला नंतर कळला. मांगरात लाइट गेली तरी एपी चालू, कारण त्याची वीज घरातून येते आणि घरात फायबरचा डबा, राउटर आणि इंजेक्टर तिघंही एकाच छोट्या यूपीएसवर. कोकणात उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते इथे सांगायची गरज नाही.

केबल एपीत शिरते तिथे खालून आत घाला, आणि शिरण्याआधी एक लोंबता झोल ठेवा, एपीच्या तोंडापेक्षा खाली, म्हणजे केबलवरून ओघळत येणारं पाणी झोलाच्या तळाला ठिबकतं. रबरी ग्लँड घट्ट बसवा. मी बाकीची भोकं सिलिकॉनने बुजवली पण खालचं पाणी निचरायचं भोक सोडलं, आणि त्यात दोनच महिन्यांत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. त्याला बारीक जाळी लावायला हवी होती.

आता सेटिंग, हे पटकन उरकतो. एपी हा एपीच ठेवा, राउटर करू नका, आयपी पत्ते (नेटवर्कमधल्या प्रत्येक फोनचा क्रमांक) वाटायचं काम घरातल्या राउटरला करू द्या. दोन वाटपे झाले की कोणाला कुठला पत्ता मिळेल याचा नेम नाही आणि नेट चालतंही, नाहीही. नाव आणि पासवर्ड घरातलाच दिला, त्यामुळे फोन ओटीवरून मांगरात जाताना स्वतःच बदलतो, फक्त चॅनेल वेगळे ठेवायचे, घरी १ आणि मांगरात ११. २.४ ला चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चाळीस करायचा मोह टाळा. पुण्यात माझ्या फ्लॅटमधून स्कॅन केलं तर पस्तीस नेटवर्कं दिसतात, इथे दोनच दिसली, दोन्ही आमची. असं सुख नाही.

देश म्हणून भारत निवडा. ५ गिगाहर्ट्झ घराबाहेर वापरायला आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोकळीक मिळाली, त्याआधीचं जुनं वाचून घाबरू नका. पण ५२ पासून १४४ पर्यंतची चॅनेलं रडारबरोबर वाटून घ्यायची असतात, एपी आधी मिनिटभर कान देऊन बसतो आणि मध्येच रडार ऐकू आलं तर उठून दुसरीकडे जातो. आमच्यासारख्या किनाऱ्याजवळच्या लोकांनी सरळ १४९ घ्यावा.

पॉवर मात्र सगळे फुल ठेवतात, मीही ठेवली. मग बागेच्या टोकाला तीन दांड्या दिसायच्या आणि पान उघडायचं नाही. कीर्तनकाराच्या हातात माइक आहे, तो शेवटच्या रांगेत ऐकू येतो, पण शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी काही विचारलं तर बुवांना काय ऐकू येणार. एपीकडे माइक आहे, फोनकडे नाही. पॉवर मध्यमवर आणली, दांड्या कमी झाल्या, पण जिथे दिसतात तिथे नेट खरंच चालतं. टोकाची चार कलमं सुटली, सुटू देत.

गड्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं, म्हणजे आमच्या प्रिंटर-कॅमेऱ्यापर्यंत कोणी पोचत नाही. त्यांचे दोन फोन जुने होते, डब्ल्यूपीए३ वर (वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर) जोडलेच जाईनात, म्हणून तिथे जुनं डब्ल्यूपीए२ ठेवलं. स्पीडला मर्यादा घातली होती, दुसऱ्या दिवशी काढली. एकाची मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली होती, तो तिचा व्हिडिओ परत परत बघत होता आणि मी तिकडे चाकाला ब्रेक लावून बसलोय, बरं नाही वाटलं.

राहिली वीज, म्हणजे आकाशातली. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ओढणं हे मुळात जोखमीचंच काम आहे. मी दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारे) लावले, पण ते अर्थिंगशिवाय शोभेचे, आणि मे महिन्यात आमच्या कातळात अर्थिंग कसलं मिळतंय. मीठ-कोळसा घालून खड्डा केलाय आणि काकू रोज भांडी विसळल्याचं पाणी त्यात ओतते. खरं उत्तर म्हणजे मधल्या टप्प्यात फायबर टाकायची, काचेतून वीज जात नाही, एपीला वीज मात्र मग मांगरातूनच द्यायची. ते पुढच्या वर्षी, पैसे उरले तर. तोवर गडगडायला लागलं की इंजेक्टरचा प्लग आणि त्यातल्या दोन्ही केबली काढून बाजूला ठेवायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही, हे काकांना शिकवून आलोय.

परवा संध्याकाळी पुण्यात माझ्या फोनवर सूचना आली, मांगर ऑफलाइन. अर्धा तास झाला, एक तास झाला, मी मनातल्या मनात परत ब्लेड घेऊन केबल सोलायला लागलो. सव्वा तासाने काकांचा फोन. धापा टाकत होते.

"अरे, गडगडतंय इकडे. मीच काढून ठेवलंय सगळं. तुझ्याकडे लाल दिसत असेल, घाबरशील, म्हणून सांगायला देवळापाशी चढून आलोय."