शेवट ठाऊक असतानाही खिळवून ठेवणारी कादंबरी

फ्रेडरिक फोर्साइथ यांची १९७१ साली प्रकाशित झालेली ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी मला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळाली आणि नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी, कूलरसमोर बसून, मी ती वाचून काढली. फ्रान्सचे अध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्या हत्येची सुपारी घेतलेल्या एका निनावी मारेकऱ्याची ही कथा आहे. द गॉल यांचा मृत्यू १९७० मध्ये नैसर्गिकरीत्या झाला, म्हणजे कट फसणार हे वाचकाला पहिल्या पानापासूनच माहीत असते. तरीही उत्कंठा तसूभरही कमी होत नाही, कारण लेखक ‘काय होईल’ यापेक्षा ‘कसे होईल’ यावर सारी भिस्त ठेवतो.

आरंभीचा, ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसजवळच्या पेती-क्लामार येथे द गॉल यांच्यावर झालेला हल्ला प्रत्यक्ष घडलेला आहे. पुढे मृत बालकाच्या नावाने पासपोर्ट मिळवणे, खास बंदूक घडवून घेणे, तिचा निशाणा रानात पारखणे ही तयारी इतक्या बारकाईने येते की पूर्वी पत्रकार असलेल्या लेखकाची शिस्त ओळीओळीत जाणवते.

मला मात्र मारेकऱ्यापेक्षा त्याच्या मागावर असलेला, साधा, अबोल, चिवट पोलीस अधिकारी क्लोद लेबेल अधिक आवडला. स्त्री-पात्रे फारच पुसट आहेत, ही उणीव मला खरोखर खटकली. पूर्वार्धात घाई करू नये. उत्तरार्धाचा वेग त्याच तपशिलांवर उभा आहे.