पहिली दोन मिनिटं

रविवार, २७ एप्रिल

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, पाणी ११.८ अंश.

आज मी पोहलेच नाही. खरं तेच लिहून ठेवते. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड कीजच्या धक्क्यावरून शिडी उतरले. कमरेपर्यंत पाणी आलं तोवर ठीक होतं. छातीला लागलं आणि घशातून 'हक्क' असा आवाज निघाला. श्वास आत गेला तो बाहेरच येईना. मग एकामागून एक तोकडे श्वास सुरू झाले, काही केल्या थांबेनात. तशातच घाईघाईनं हात मारायला लागले. तिसऱ्याच हाताला नाकातोंडात पाणी. शिडी पाच-सहा फुटांवर होती म्हणून बरं.

जिमच्या तलावात मी न थांबता दीड किलोमीटर पोहते. ती सगळी पुण्याई त्या शिडीपाशी कामाला आली नाही. ट्रायथलॉन ८ जूनला आहे, सहा आठवड्यांवर. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. सायकल आणि धावण्याची मला काळजी नाही.

घरी येऊन रडले. अहोंनी चहा केला आणि काही विचारलं नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

दोन दिवस याच विषयावर वाचते आहे. माझं काही चुकलं नव्हतं, शरीर जे करतं तेच त्यानं केलं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक शिरलं की कातडीला एकदम गारठा लागतो आणि श्वास आपल्या हातात राहत नाही. नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर जातात. हा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत उतरतो. थंड पाण्यात पडलेली माणसं पुष्कळदा गारठून जाण्याच्या कितीतरी आधी, या पहिल्या मिनिटांतच बुडतात. त्या वेळेत पोहायचं नाही, तरंगत राहायचं. इथली समुद्रावरची जीवरक्षक संस्थाही लोकांना हेच शिकवते, आधी पाठीवर तरंगा.

पोर्ट्समथ विद्यापीठातले प्राध्यापक माइक टिप्टन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचं एक म्हणणं वाचून मला धीर आला. दोन-तीन मिनिटांसाठी पाच-सहा वेळा थंड पाण्यात उतरलं, तर हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो. आणि ती सवय कित्येक महिने टिकते.

पाच-सहा वेळा. एवढं तर मला जमेल. डॉक्टरांनाही विचारून घेतलं, आजीला हृदयाचा त्रास होता म्हणून. त्यांनी तपासून हो म्हटलं.

शनिवार, ३ मे

सांगलीला फोन केला. बाबांना सगळं सांगितलं. मी पोहायला शिकले ती कृष्णेत, आयर्विन पुलाच्या अलीकडे, पाठीला रिकामा डबा बांधून. थंडीच्या दिवसांत सकाळी नदीवर वाफ असायची. बाबा पायरीवर बसून आधी ओंजळभर पाणी डोक्यावर घ्यायचे, मग तोंडावर, मग मानेवर, मग छातीवर. सावकाश. मी काठावर कुडकुडत उभी असायची आणि मला वाटायचं, ते देवाचं काहीतरी म्हणताहेत.

"बाबा, तुम्ही तेव्हा पाणी अंगावर का घ्यायचात?"

"का म्हणजे? एकदम शिरलं की दम कोंडतो. पोरी, तू सूर मारलास की काय?"

"नाही, शिडीनं उतरले."

"मग उतरून थांब की जरा. पाणी कुठं पळून चाललंय?"

रविवार, ४ मे

१२.४. पायरीवर बसले. ओंजळ डोक्यावर, तोंडावर, मानेवर. अंगावरच्या रबरी वेटसूटची कॉलर ओढून थोडं पाणी मुद्दाम आत सोडलं. ते अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि सूटचं रबर ती ऊब धरून ठेवतं, पण सूट घट्ट हवा. मागच्या वेळी मी मैत्रिणीचा सैल सूट घातला होता, पाठीतून सारखं नवं गार पाणी शिरत होतं. या वेळी भाड्यानं मापाचा आणला.

उतरले. शिडी धरूनच राहिले. श्वास सुटला, तो सुटणारच होता. मी फक्त बाहेर फुंकत राहिले, गरम दुधावर फुंकर घालतो तशी, लांब. मनात आकडे मोजले. साठपर्यंत वाईट होतं. नव्वदला खांदे खाली आले. एकशे वीसला मला पाणी दिसायला लागलं, म्हणजे खरंच दिसायला लागलं, हिरवट काळं आणि त्यावर समोरच्या काचेच्या इमारतींची सावली.

पोहले नाही. तीन मिनिटांनी वर आले. फार आनंद झाला.

रविवार, २५ मे

सातवी वेळ. १५.१. आज ४०० मीटर.

ही जागा मला आवडायला लागली आहे. एके काळी ही मँचेस्टरची गोदी होती. १८९४ साली जहाजांसाठी खणलेला कालवा खुला झाला आणि समुद्र शहरापर्यंत आला. १९८२ मध्ये गोदी बंद पडली, तेव्हा पाणी मेलेलं होतं. मग बांध घालून कालव्यापासून ते वेगळं केलं, तळातून हवा सोडून त्यात जीव आणला. आता त्यात मासे आहेत आणि आम्ही आहोत.

पण पाण्यात तळ दिसत नाही. तलावात खाली निळी रेघ असते, तिच्या आधारानं आपण सरळ जातो. इथे मान खाली घातली की स्वतःचा हातही मनगटापुढे दिसत नाही. दर सहा हातांनी डोळे वर काढून नारिंगी बोया शोधायचा. दोनदा मी भलतीकडेच गेले. कमरेला बांधलेला फुगा मागून येत होता, त्याचा आधार वाटतो. एकटं इथे कुणीच पोहू नये. कितीही सराव असला तरी नाही.

साडेतीनशेच्या पुढे डाव्या हाताची करंगळी बाजूला गेली. इतर बोटं जुळलेली आणि ती एकटी वेगळी, जवळ घ्यायला गेले तर येईना. दुखत नव्हतं, नुसती ऐकत नव्हती. स्नायू गार पडायला लागल्याची ही खूण आहे, म्हणून काठाला वळले.

खरी थंडी बाहेर आल्यावर वाजली. पाण्याबाहेर आल्यावरही अंग आतून थोडा वेळ गार होत राहतं आणि दहा मिनिटांनी माणूस जास्त कुडकुडतो. अशा वेळी लगेच गरम शॉवर घेऊ नये, भोवळ येते. आधी कोरडं व्हायचं, मग कपडे, टोपी, आणि गरम काहीतरी पोटात. थर्मासमध्ये आल्याचा चहा होता, पण झाकण उघडेना. बोटं वळतच नव्हती. शेजारी सत्तरीच्या एक बाई कपडे बदलत होत्या. त्यांनी न बोलता थर्मास घेतला, झाकण फिरवलं, चहा ओतला आणि कप माझ्या दोन्ही हातांत धरवला. आपला हात वर तसाच ठेवून, सांडू नये म्हणून.

बुधवार, ४ जून

शेवटचा सराव. १६.३. ७५० मीटर, २१ मिनिटं. श्वास पन्नासाव्या आकड्याला जागेवर आला.

शर्यतीत भोंगा वाजला की सगळे एकदम सुटतात, पाय लागतात, हात लागतात. मी मागच्या रांगेत, कडेला उभी राहणार आहे. त्यांना पुढे जाऊ द्यायचं. त्याआधी सरावासाठी दहा मिनिटं पाण्यात उतरता येतं, तिथे पहिली दोन मिनिटं शांतपणे संपवून टाकायची.

रात्री बाबांचा फोन आला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारच्या चौकटीत 'पोहणे ७५० मी.' असं लिहून ठेवलंय, आणि खाली, इथले सकाळचे साडेसात म्हणजे तिथले दुपारचे बारा.