झेडएक्स प्रिंटर आणि एसडी कार्ड : भांडण मिटलं

बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर दिवाळीत पुन्हा चालू झाला, हे मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. आपल्याकडे १९८६ पासून सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या परवान्याने बनलेलं हे मशीन, आतून सरळ त्यांचाच ४८के स्पेक्ट्रम. त्याला मी डिव्हएमएमसी जातीचा एसडी कार्ड इंटरफेस (कॅसेटऐवजी कार्डावरून प्रोग्राम चढवणारा बोर्ड) लावला, त्याच्या पाठीला झेडएक्स प्रिंटर (सुईच्या ठिणगीने चंदेरी कागदाचा थर उडवून छापणारा) जोडला आणि त्रास सुरू झाला.

नुसतं कार्ड लावलं तर तासन्‌तास बिनतक्रार. नुसता प्रिंटर लावला तर एललिस्ट (प्रोग्राम कागदावर छापायची आज्ञा) झकास. दोन्ही एकत्र आले की कधी पडद्यावर रंगीत चौकोनांचा सडा पडतो, कधी गेम अर्धा चढून सगळं गोठतं, तर कधी मशीन आपोआप पुन्हा सुरू होऊन १९८२ च्या कॉपीराइट ओळीवर येऊन बसतं. दोनदा सारखं काही होत नव्हतं, त्यामुळे पकडायचं कुठे तेच कळेना.

पहिला संशय एज कनेक्टरवर, म्हणजे मशीनच्या मागे वस्तू जोडायच्या पट्ट्यांवर. पावसाळ्यात त्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतोच. खोडरबर फिरवलं, आयसोप्रोपिलने पुसलं, फरक शून्य.

दुसरा संशय विजेवर. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा आणि प्रिंटरची मोटर व सुई त्याच ९ व्होल्टच्या लाइनवर जगतात. मल्टिमीटर लावला तर कार्डवरून काही चढवताना आकडा दर वेळी खाली डुलत होता. दोन दिवस मी हाच तर्क धरून बसलो. २ अँपिअरचा अडॅप्टर आणला. इथे कृपया जपा: स्पेक्ट्रमला पिनच्या आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन लागते, बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. मी वायर कापून उलटी जोडली, मीटरने दोनदा तपासली, मगच पिन खुपसली. आतल्या चिपांची ५ व्होल्टची लाइन आता ढिम्म हलत नव्हती, तरी मशीन कोसळायचं ते कोसळायचंच.

उत्तर कानाने दिलं. रात्री पंखा बंद होता. कार्डाचा मेनू उघडायला बटण दाबलं आणि प्रिंटर ‘टर्र’ करून हलला. चंदेरी कागदावर बारीक काळा ओरखडा उमटला, जळका वास आला. छापण्याची आज्ञा तर मी दिलेलीच नव्हती. म्हणजे व्होल्टेज डुलत होतं म्हणून मशीन कोसळत नव्हतं; मोटर फिरत होती म्हणून व्होल्टेज डुलत होतं. मग मोटर फिरवतंय कोण?

कागद-पेन्सिल घेऊन पोर्टचे आकडे (ज्या नंबरने प्रोसेसर जोडलेल्या वस्तूला हाक मारतो ते) बायनरीत मांडले. प्रिंटरचा पोर्ट २५१, म्हणजे ११११ १०११. पण प्रिंटर या आकड्याच्या आठही पत्ता-लाइन (उजवीकडून ए० ते ए७) बघत नाही. ए२ शून्य दिसली की तो ‘ओ’ देतो. १९८१ साली झेडएक्स८१ च्या मागे लागणाऱ्या वस्तू मोजक्याच होत्या, तेवढ्याने भागत होतं. आता कार्डाचे पोर्ट बघा. २३१ म्हणजे १११० ०१११, इथे ए२ एक आहे, ठीक. पण २२७ म्हणजे १११० ००११ आणि २३५ म्हणजे १११० १०११. दोन्हीकडे ए२ शून्य!

कार्डाचा सगळा डेटा २३५ वरून जातो-येतो. लिहिताना, बिट २ शून्य असला की प्रिंटरची मोटर सुरू होते, बिट ७ एक असला की सुईत वीज जाते. एसडी कार्डाला ‘ब्लॉक वाच’ सांगणारा बाइट ८१, म्हणजे ०१०१ ०००१. बिट २ शून्य, मोटर चालू. वाचताना त्याहून वाईट: प्रिंटर डी०, डी६ आणि डी७ या डेटाच्या लाइन स्वतः धरतो आणि ‘मी हजर आहे’ सांगायला डी६ शून्यावर ओढतो. कार्ड त्याच क्षणी तिथे एक ठेवू बघत असलं तर दोघांची रस्सीखेच. त्यातून चुकलेला बाइट मेमरीत गेला की पुढे कोसळणं आलंच.

खात्रीसाठी कार्ड काढलं, फक्त प्रिंटर ठेवला आणि बेसिकमध्ये प्रिंट इन २५१ (त्या पोर्टवरून काय येतं ते दाखव), मग प्रिंट इन २३५. दोन्हीकडे एकच आकडा आणि दोन्हीत ६४ चा बिट गायब. प्रिंटर काढल्यावर २५५.

उपाय एका ७४एचसीटी०० मध्ये, म्हणजे चार नँड गेटांच्या एका चिपमध्ये बसला. २५१ मध्ये ए४ एक आहे, कार्डाच्या पोर्टांमध्ये शून्य. एका नँड गेटने ए२ उलटवली, दुसऱ्या गेटला ती उलटी ए२ आणि ए४ दिली, त्याचं आउटपुट प्रिंटरला ए२ म्हणून. आता ए४ एक आणि ए२ शून्य असेल तेव्हाच प्रिंटर जागा होतो. कार्ड आणि प्रिंटर यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड, त्यात ए२ चा ट्रॅक कापलेला, बाकी सगळ्या लाइन सरळ पार. चिपलगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, न वापरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला. प्रोसेसरच्या ३.५ मेगाहर्ट्झला एक क्लॉक सुमारे २८६ नॅनोसेकंदांचा. दोन गेटांचा उशीर त्यात कुठल्या कुठे जिरतो.

इंटरफेस १ (मायक्रोड्राइव्ह ही छोटी टेप-ड्राइव्ह जोडायची सिंक्लेअरची पेटी) असलेल्यांनी मात्र या बोर्डवर विसंबू नये. तो ए३ आणि ए४ बघतो, दोन्ही शून्य म्हणजे मायक्रोड्राइव्हचा डेटा. २२७ आणि २३१ दोन्ही त्यात बसतात आणि ड्राइव्ह फिरत नसेल तर तो प्रोसेसरला थांबवून ठेवतो. शिवाय मेमरीच्या पत्ता ८ वर इंटरफेस १ आणि कार्डाचा इंटरफेस दोघेही आपापली रॉम पुढे करतात. ते दोघं एकत्र नकोतच.

काल रात्री प्रिंट इन २३५ ने प्रिंटर जोडलेला असताना २५५ दाखवले. मग बाबांचा दुधाच्या हिशेबाचा प्रोग्राम, जो मी कॅसेटवरून कार्डावर उतरवला होता, तो चढवला आणि एललिस्ट दिलं. प्रिंटर मधे एकदाही अडखळला नाही. बाबांनी कागद उजेडात धरून सगळ्या ओळी वाचल्या आणि म्हणाले, “घडी घालू नकोस रे, घडीवरचा थर उडतो. गुंडाळून ठेव.”