नवारोचा ट्रम्पेट

बीबॉप या 1940 च्या दशकातल्या जॅझ शैलीतल्या ट्रम्पेटवादनाचा विषय निघाला की पहिले नाव डिझी गिलेस्पीचे येते आणि ते योग्यच आहे; पण माझे मन मात्र फॅट्स नवारोच्या ध्वनिमुद्रणांवर जडलेले आहे. 1947 साली पियानोवादक आणि संगीतकार टॅड डॅमरनच्या चमूबरोबर ब्लू नोट या कंपनीसाठी त्याने वाजवलेले तुकडे ऐकताना जाणवते की लय कितीही द्रुत झाली तरी त्याचा सूर भरदार, गोल राहतो आणि प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ ऐकू येतो. त्या काळच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे एकलवादनाला मोजकीच आवर्तने मिळत, आणि नवारो तेवढ्यात आरंभ, चढ आणि शेवट असलेली पूर्ण रचना उभी करतो. त्याच सत्रांतले पर्यायी टेक, म्हणजे त्याच रचनांची पुन्हा केलेली ध्वनिमुद्रणे, पुढे प्रकाशित झाले, हे आपले मोठे भाग्य. मूळ टेक ऐकल्यावर लगेच तो दुसरा ऐकावा आणि त्याने काय राखले, काय बदलले, हे कान देऊन टिपावे. क्षयाने 1950 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी तो गेला. पुढे ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनच्या वादनात तोच भरदार सूर स्पष्ट ओळखू येतो.